बाभळीच्या सालीचा वास

गीतांजलीनं पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "मॅडम, हे कातडं खरंच बाभळीच्या सालीत कमावलेलं आहे का? का आपलं म्हणायचं म्हणून म्हणायचं?"

ती शाळेत शिकवते, तिला विचारायची सवय आहे. बाकीच्या बायका हसल्या. मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि म्हटलं, "ह्याची आण. माझ्या भावानं लातूरला कमावलंय. आमच्या आप्पांच्या कुंडात."

एरवी मी आण घेत नाही. सकाळी आंघोळ करून इष्टलिंग तळहातावर घेतल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाही. सोमवार धरते. आणि खोटं बोलायचं नाही, हा एक नेम लग्नाआधीपासून आहे. तो नेम असल्यामुळेच आण घ्यायची वेळ येत नाही, माणसं तशीच विश्वास ठेवतात. पण त्या दिवशी गीतांजलीच्या त्या 'म्हणायचं म्हणून' मध्ये आप्पांवरच शंका असल्यासारखं मला वाटलं, आणि हात आपोआप गळ्याकडे गेला.

आमचा समाज लिंगायत, संत कक्कय्या शरणांना मानणारा. कातडं कमावता कमावता त्यांनी लिंगपूजा सोडली नाही, म्हणून आमच्यातही कुणी सोडली नाही. माझे वडील, आप्पा, म्हणजे माणिकप्पा, लातूरच्या कडेला स्वतःची कुंडं राखून होते. कुंडं म्हणजे जमिनीत बांधलेले हौद. एकात चुन्याचं पाणी, बाकीच्यांत बाभळीच्या सालीचं. मेलेल्या म्हशीचं कातडं खेड्यांतून यायचं, चुन्यात पडायचं, केस निघायचे, मग सालीच्या पाण्यात महिनोन् महिने मुरायचं. शेवटी त्याची पिशवी शिवून झाडाला टांगायचे आणि तिच्यात सालीचं पाणी ओतत राहायचे. साल कुटायची, पाणी उकळायचं, ते पिशवीत ओतायचं, हे बायकांचं काम. रापी, म्हणजे कातडं कापायची सुरी, मात्र बाईनं धरायची नाही. कापणं, सोलणं, कडा तासणं पुरुषांनी करायचं, असा आमच्यात दंडक होता. कुणी तो कशासाठी घातला ते आम्ही कधी विचारलं नाही.

त्यामुळे मला चामडं कळतं ते नाकानं. आप्पा तुकडा माझ्या नाकाशी धरायचे. "सांग राजी, झालं का?" मी डोळे मिटून सांगायची. कच्चं असेल तर सडका वास यायचा. अर्धवट असेल तर आंबूस यायचा. झालेल्या चामड्याला ओल्या सालीचा तुरट वास असतो, आणि त्याच्या मागून गुळासारखा थोडा गोड. मी "झालं" म्हटलं की आप्पा आव्वाला, माझ्या आईला, म्हणायचे, "चांगुणा, हिचं नाक बघ. ह्या घरात एवढं एकच खरं माप हाय."

लग्न होऊन मी नांदेडला आले. हे रेल्वेच्या ऑफिसात. आप्पा गेले, आणि माहेरचा धंदाही त्यांच्यासोबत गेला असंच मी धरून चालले होते.

आमच्या तरोड्याच्या घरातली पुढची खोली रिकामी होती. आधी तिथं मी शिवणाचा क्लास घ्यायची. एकदा शिवण शिकायला आलेल्या मुलीच्या बॅगेचा पट्टा तुटला आणि मी तो मेणाच्या दोऱ्यानं, आरीनं भोकं पाडून शिवून दिला. आव्वाला शिवताना बघितलेलं होतं, हाताला आपोआप आलं. त्या मुलीनं त्याचा फोटो कुठं कुठं पाठवला. मग दोघी आल्या, मग चौघी, आणि हळूहळू शिवणाचा क्लास चामड्याचा झाला. किल्लीचा छल्ला, चष्म्याचं घर, छोटं पाकीट. नवशिक्या बायकांना जमेल एवढंच.

अडचण सामानाची होती. नांदेडात चामड्याचे तुकडे मिळतात, पण ते बॅगा बनवून उरलेले. वरून प्लास्टिकसारखा मुलामा दिलेला, त्यात रंग शिरत नाही. ओलं करून ठसा मारला तर उमटतो, आणि घटकाभरात पुसून जातो. नवशिक्याला सालीत कमावलेलंच चामडं हवं. ते पाणी पितं, रंग पितं, ठसा धरून ठेवतं. हे सगळं फोनवर आव्वाला सांगता सांगता मी रडायलाच लागले, आप्पांचं चामडं असतं तर म्हणत होते, तेवढ्यात सिद्धेश्वरनं, माझ्या धाकट्या भावानं, फोन तिच्या हातातून घेतला.

"आक्का, मग मला कामून नाही सांगितलंस? एक कुंड मी चालू ठेवलंय की."

"खरं?"

"आप्पाची आठवण म्हणून. जास्त नाही करत. तुझ्यापुरतं देतो ना."

मी फोन ठेवला आणि देवघरासमोर जाऊन बसले. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" "आप्पांचं कुंड अजून चालू आहे," मी म्हटलं.

मग मी अधूनमधून लातूरला जायला लागले. सकाळी पूजा करून निघायचं, लोहा, अहमदपूर करत दुपारी पोचायचं. सिद्धेश्वर पुढच्या खोलीतच गठ्ठा बांधून ठेवायचा. चामडं तो कापूनच द्यायचा. छल्ल्याचे तुकडे वेगळे, पाकिटाचे वेगळे, आणि प्रत्येकाच्या कडा काळ्या रंगवलेल्या. "तू रापी धरू नको आक्का, आपल्यात दंडक हाय. मी हाय ना." मी कुंड बघायला येते म्हटलं तर म्हणायचा, "तिकडं लई घाण हाय, गाळ साचलाय. तू पूजेची बाई, तिकडं काय करती?" आव्वा आतून चहा आणायची आणि माझ्याशेजारी बसायची. मी तुकडा नाकाशी धरायची. ओली साल, आणि मागून गूळ.

"झालं," मी म्हणायची.

आव्वा माझ्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, तिला आप्पा आठवत असतील.

रंग मात्र मीच जमवायची. वजिराबादच्या काष्ठौषधीच्या दुकानातून हिरडा आणि मंजिष्ठ, ज्यूस सेंटरवाल्या ओळखीच्या बाईकडून डाळिंबाच्या साली. काळा रंग आव्वाच्या पद्धतीनं. मडक्यात गुळाचं पाणी घालायचं, त्यात गंजलेले खिळे टाकायचे आणि तोंड बांधून ठेवायचं. ते पाणी आंबलं की सालीच्या चामड्यावर बोळ्यानं फिरवायचं. फिरवता फिरवता चामडं काळं होतं, जणू आतून रात्र वर येते. पहिल्यांदा बघताना बायका ओरडायच्याच.

धम्मप्रिया तेव्हा नव्हती. ती नंतर आली. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला, मूळची हदगावकडची. आल्या आल्याच म्हणाली, "ताई, माझी आई काय म्हणती माहीत आहे का? म्हणती, आजोबांनी ज्या कामाकडं पाठ केली, त्याची तू फी भरून शिकतीस?"

मी हळूच विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. मला मी स्वतः विचारलंय." आणि स्वतःच हसली. "तिला चष्म्याचं घर करून देते म्हटलं. तेव्हापासून गप्प आहे. फक्त रंग लालच पाहिजे म्हणती."

ही मुलगी मला आवडायला लागली. फार बोलायची, पण हात नीट चालायचे. तीच एकदा म्हणाली, "ताई, ठसा बसत नाहीये. काल पानाची नक्षी मारली होती, आज बघा, पान वाळून गेल्यासारखं दिसतंय."

"नीट ओलं केलं नसशील."

"केलं होतं."

"मग जोर कमी पडला."

"माझा?" तिनं दंड फुगवून दाखवला. गीतांजली खिदळली, म्हणाली, "मॅडम, माझंही पुसलं हो. मी तर आमच्या ह्यांचं नाव घेऊन मारला होता ठसा."

मी म्हटलं, नवा हात आहे, होतं असं. सगळ्यांना तेच सांगत आले होते, की हळूहळू जमेल, हाताला वळण लागेल.

त्या आठवड्यात धम्मप्रियानं लाल रंगाचा तुकडा घरी नेला. आईच्या चष्म्याला तो लांब पडत होता, म्हणून कटरनं तिनं टोक छाटलं. दुसऱ्या दिवशी ती क्लासच्या वेळेच्या खूप आधी आली. मी दारात रांगोळी काढत होते. तिनं चप्पल काढली आणि तुकडा माझ्या हातात दिला. एरवी एवढी बोलणारी मुलगी, म्हणून मी आधी तिच्याकडेच बघितलं.

"कडा बघा ताई."

छाटलेल्या कडेला वर लाल, खाली लाल, आणि मध्ये निळसर राखाडी. ढगासारखी एक रेघ.

"हे काय?"

"मला तुम्हीच सांगाल म्हणून आणलं." ती चाचरली. "मी कॉलेजातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, आतून निळं म्हणजे कारखान्यातलं, क्रोमच्या रसायनात कमावलेलं. सालीचं आतपर्यंत तपकिरी असतं. ताई, ते चुकत असतील. मी उगाच..."

आप्पांची एक जुनी पिशवी माझ्याकडे आहे. तिचा पट्टा तुटला तेव्हा त्यातला थोडा भाग मी जपून ठेवला होता. तो काढून आणला. धम्मप्रियानं कटर पुढं केला आणि थांबली. तिला आमचा रापीचा दंडक माहीत होता, मीच तिला गंमत म्हणून सांगितला होता. "मी कापू?"

"नको," मी म्हटलं.

आप्पांचा पट्टा मी माझ्या हातानं कापला. पाव कापावा तसा कापला गेला. वरपासून खालपर्यंत एकसारखा तपकिरी, गुळाच्या ढेपेसारखा. मग कपाटातला सिद्धेश्वरनं दिलेला गठ्ठा काढला आणि त्याच्या काळ्या रंगवलेल्या कडा एकेक करून छाटल्या. छल्ला, पाकीट, परत छल्ला. निळं, निळं, निळं. मी का थांबत नव्हते ते मला माहीत नाही. शेवटी धम्मप्रियानंच माझा हात धरला. "ताई, बोट कापाल."

तुकडे नाकाशी धरले. तुरट वास, मागून गोड. वास अजून तसाच होता.

"आज क्लास नाही म्हणून सगळ्यांना कळव," मी म्हटलं. "आणि हे अजून कुणाला सांगू नको. मीच सांगेन. आधी विचारून येते."

लातूरला मी न कळवता गेले. घरी न जाता ऑटो थेट कुंडांच्या जागेकडे नेला. ऑटोवाला विचारत होता, "मावशी, नक्की कुठं? तिकडं तर वॉशिंग सेंटर हाय." मी म्हटलं, तिथंच.

वॉशिंग सेंटरच होतं. वर पत्रा, खाली सिमेंटचा उतार, एका जीपवर फवारा चालू. आप्पा जिला पिशव्या टांगायचे ती चिंच तेवढी होती. फवारा मारणाऱ्याला मी विचारलं, "इथं कुंडं होती ना?"

"हाव, होती म्हणत्यात. मी यायच्या आधीच बुजवली." त्यानं पाणी बंद केलं. "सिद्धेश्वरअण्णांचीच जागा हाय ही. गाडी हाय का तुमची?"

"नाही," मी म्हटलं. "माझं काहीच नाही."

तिथून घर चालत गेले. आप्पा जायचे तीच वाट. पुढचं दार बंद होतं, म्हणून मी बोळातून परसात गेले. मला वाटलं होतं, सिद्धेश्वर सापडेल. त्याला काय म्हणायचं ते मी बसमध्ये जुळवत आले होते. अडत अडत, पण जुळवलं होतं.

परसात आव्वा होती. प्लास्टिकचा मोठा ड्रम, शेजारी चुलीवर पातेलं, पातेल्यात उकळणारी साल. आव्वा पाटावर बसून, दोन्ही हात ड्रममध्ये कोपरापर्यंत घालून काहीतरी खालीवर करत होती. तिनं ते बाहेर ओढलं. ओलं चामडं, फिक्कट निळं. शाळेच्या शर्टाचा असतो तसला निळा. तिनं ते पिळलं, परत बुडवलं, आणि मग मान वर केली.

"राजी?"

मी ड्रमजवळ गेले.

"फोन न करता आलीस व्हय गं? जेवलीस का?" तिनं हात पदराला पुसले. "बस की."

"हे काय आहे आव्वा?"

ती ड्रमकडे बघायला लागली, जणू ते काय आहे हे तिलाही आता बघूनच कळणार होतं. "तुझंच हाय. तुझ्यासाठीच बुडवून ठेवलंय."

"हे कुठून येतं?"

"सिद्धू आणतोय. बाहेरून. निळंच येतंय."

"आणि तू त्याला वास लावतेस."

"वास लावीत न्हाई. सालीत घालते. दोन दिवस घालते, वर करडीचं तेल हाणते. रंग येतोय, वास येतोय." ती मला समजावून सांगत होती. लहानपणी पातेल्याजवळ बसवून समजावायची त्याच आवाजात. "त्याला जमत न्हवतं बघ. त्यानं पैल्यांदा केलं तवा नुसता आंबट वास आला. म्हनलं, ही राजी लगीच वळखल. मग मीच केलं."

मी ड्रमच्या काठाला धरून उभी राहिले. सिद्धेश्वरनं फसवलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, राखीला आले नसते, आणि पुढच्या वर्षी आले असते. भावाबहिणीत असलं होतं. पण त्या तुकड्यांत मला जे आप्पा सापडत होते, ते आव्वानं पातेल्यात उकळून, मापात ओतून तयार केलेले होते. मी डोळे मिटून 'झालं' म्हणायची तेव्हा ती माझ्याकडे बघत असायची. आपलं काम नीट उतरलं का, ते बघत असायची.

"मी लिंगाची आण घेतली आव्वा. चारचौघींपुढं."

तिचा हात तिच्या गळ्याकडे गेला. तिच्याही गळ्यात लिंग आहे, माझ्याआधीपासून. "आण कशाला घेतलीस?" ती एकदम चिडली. "तुला कुनी सांगितलं व्हतं? असल्या वस्तूवर कुनी आण घेतंय का?"

"खरी आहे असं वाटलं म्हणून घेतली."

तेवढ्यात सिद्धेश्वर आला. बहुतेक वॉशिंग सेंटरवरून त्याला फोन गेला असावा. दारातूनच म्हणाला, "आक्का, तू आधी बस. पाणी घे. मग बोलू."

"कुंड चालू आहे म्हणालास."

"बोललो व्हतो."

"का?"

"मग काय बोलू?" तो पायरीवर बसला. "तू फोनवर रडून राहिली होतीस. आप्पाचं चामडं पायजे, आप्पाचं चामडं पायजे. बाभळीची साल कुठं मिळती आता? कातडं घेऊन खेड्यातून कोन येतंय? आन चार महिने त्या घाणीत हात घालून मी बसू? माझी लेकरं बसणार का? तू बसणार व्हतीस का? तू नांदेडला पंख्याखाली बसून ठसे मारणार, आन मी कुंडात."

"मला नाही म्हणायचं होतंस."

"नाही म्हटलं असतं तर तू ह्या घराला आली असतीस का? आप्पा गेल्यापासून किती येळा आली सांग. कातड्यापायी तरी येऊ लागलीस." तो आव्वाकडे बघून म्हणाला, "हिला बरं वाटत होतं."

आव्वा चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

"कडा कशाला रंगवल्यास?" मी विचारलं.

ह्याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. बाकी सगळ्याचं होतं. कुंड का बुजवलं, खोटं का बोललास, नाही का म्हटलं नाहीस, सगळ्याचं होतं. कडा रंगवताना मात्र तो एकटा बसला असेल, बहिणीला आतलं दिसू नये म्हणून एकेक तुकडा हातात घेऊन.

मग तोच म्हणाला, "आक्का, तुला वास पायजे होता. आम्ही वास दिला. खोटं काय त्यात?"

मी निघाले. आव्वा बोळापर्यंत आली. जेवून जा म्हणाली, नंतर निदान पाणी पी म्हणाली. मी सकाळी पूजा करून घोटभर तीर्थ घेतलं होतं, त्यानंतर पोटात काही नव्हतं. तरी त्या घरचं पाणी मला घ्यावंसं वाटलं नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं, आणि केल्यावर मला स्वतःचीच भीती वाटली.

पुढच्या क्लासला सगळ्या आल्या. मी आप्पांचा कापलेला पट्टा आणि सिद्धेश्वरचे तुकडे चटईवर ठेवले आणि सांगितलं. फिरवून नाही सांगितलं. हे कारखान्यातलं आहे. वरून सालीच्या पाण्यात बुडवलेलं आहे. मी तुम्हाला आण घेऊन जे सांगितलं ते खोटं होतं. तुमचे ठसे तुमच्या हातामुळे गेले नाहीत.

सिद्धेश्वरचं नाव घेतलं. आव्वाचं घेतलं नाही.

गीतांजलीनं तुकडा उचलला, कडा बघितली, खाली ठेवला. "मॅडम, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही त्याच घरात वाढलात. भाऊ फसवत होता म्हणता, आणि तुम्हाला कळलंच नाही?"

"नाही कळलं."

"असं कसं?"

"मी वास घेत होते," मी म्हटलं. "कापत नव्हते."

हे तिला पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. ती उठली, पर्स घेतली, म्हणाली, "मी कळवते," आणि तिच्यासोबत आणखी एक जण गेली. बाकीच्या बसून राहिल्या, पण कुणी आरी हातात घेतली नाही. धम्मप्रिया मात्र मुकाट्यानं आपलं लाल घर शिवत होती. मी म्हटलं, "तेही तसलंच आहे गं."

"माहीत आहे ताई. आईला सांगितलंय. ती म्हणती, चष्मा थोडाच आत वाकून बघणार आहे." आणि ती हसली. मी हसू शकले नाही, तेव्हा तिनं पुढचा टाका ओढला.

बायका गेल्यावर फोन वाजला. आव्वा होती. तिनं आधी ह्यांची चौकशी केली, मग माझ्या गुडघ्याची. मग म्हणाली, "राजी, मी एक करते. खरंखुरं. सिद्धूला म्हनलंय, गावाकडून एक कातडं आण. चुना घालते, साल घालते. तुझ्या आप्पानं केलं तसं. चार महिनं लागू दे न्हाईतर साडेचार. करू का?"

"तुझं वय आहे का आव्वा?"

"हाय की. हात हायत अजून. करू का सांग."

मी खिडकीत उभी होते. चटईवर तुकडे तसेच पडले होते.

"कर," मी म्हटलं. "पण ते कापू नका. कडाही रंगवू नका. आख्खं ठेव. मी येऊन मधोमध कापून बघीन."

मग आव्वानं विचारलं, "तुझा इस्वास न्हाई व्हय माज्यावर?"

खोटं बोलायचं नाही, हा नेम मी इतकी वर्षं पाळला तो मला सोपा गेला होता, कारण खरं बोलून कुणाचं काही मोडत नव्हतं. त्या क्षणी मला तो पहिल्यांदा जड झाला. एकाच शब्दाचा तर प्रश्न होता. हाय म्हटलं असतं तर ती म्हातारी त्या रात्री शांत झोपली असती.

"न्हाई आव्वा," मी म्हटलं. आवाज चढला नाही. माझा चढत नाही.

"बरं," ती म्हणाली. तिनं फोन बाजूला ठेवला असावा, पण बंद केला नव्हता. बंद कसा करायचा हे तिला कधीच नीट जमत नाही. मी कानाला धरून राहिले. आधी तिचे पाय वाजले. मग सिद्धेश्वरचा लांबून आवाज, काय म्हणाला ते कळलं नाही. मग परसातला नळ सुटला, आणि निळं चामडं बुडवायच्या त्याच प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी पडायला लागलं.